टफन ग्लासवरचे ओरखडे कसे काढायचे? शनिवारच्या आत हवंय, मदत करा

वाघबीळकर
नमस्कार मंडळी, टफन ग्लासवर स्क्रॅच पडलेत, खूप पडलेत, आणि मला ते शनिवारच्या आत घालवायचेत. व्हिडिओ बघून टूथपेस्ट लावून झाली, हात दुखले, फरक शून्य. एक दुकानदार म्हणतो काच बदला, दुसरा म्हणतो पॉलिश होतं, तिसरा म्हणतो टफनला मशीन लावलंत की फुटलीच समजा. कोणाचं खरं धरायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको. लवकर सांगा प्लीज.

सानपाडा_स्टेशन
अहो त्यात काय एवढं, जुनी सोलून टाका आणि नवीन लावून घ्या. स्टेशनबाहेर दोन मिनिटांत बबल न येता लावून देतात. ओरखडे काढत बसायची ती वस्तूच नाही, ती स्क्रीन वाचवायलाच असते.

वाघबीळकर
मोबाईलची नाही हो. घराची काच आहे.

कोपरी_पूर्व
घराची म्हणजे कुठली? टेबलाची, बाथरूमच्या पार्टिशनची, खिडकीची, रेलिंगची? किती एमएम? ओरखडे आतून आहेत की बाहेरून, आणि कशाने पडले? सगळ्यात महत्त्वाचं, ओरखड्यावरून नख आडवं फिरवलं की अडकतं का? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तरी तो अंदाजच असणार.

रोजचा_ड्रायव्हर
माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर वायपरने अर्धगोल रेघ पडली होती. वायपरचं रबर फाटून आतली पट्टी घासत होती, मला पावसात कळलंच नाही. काच बदलावी लागली. सगळ्यांना सांगतो, पावसाळ्याआधी वायपर बदला.

हिरवी_कड
गाडीची पुढची काच टफन नसते, लॅमिनेटेड असते, दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. टफन असतात त्या बाजूच्या. तो विषय वेगळा आहे, इथे नको. वाघबीळकर, कोपरी_पूर्व यांनी विचारलंय ते आधी सांगा.

वाघबीळकर
बरं, सगळं सांगतो. नवीन फ्लॅट आहे, हॉल आणि बाल्कनीच्या मध्ये स्लायडिंग, तीन शटर, एकेक साधारण सात फूट बाय साडेतीन, ६ एमएम टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच. फ्लोअरिंग आणि पुट्टीच्या कामात काचांवर सिमेंटचे शिंतोडे उडून वाळले होते. कॉन्ट्रॅक्टरने सफाईला दोन मुलं पाठवली, मी ऑफिसात, त्यांनी कोरड्या काचेवर आधी ब्लेड मारलं आणि मग भांड्यांची तारेची घासणी. रात्री आलो तेव्हा ट्यूबच्या उजेडात काच स्वच्छ वाटली, मी त्या मुलांना वर चहापाण्याचे पैसेही दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ऊन थेट हॉलमध्ये आलं आणि मी नुसता बघत उभा राहिलो. अख्ख्या काचेवर गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखं. मधल्या शटरवर त्यातच एक लांब रेघ, कमरेपासून पार खालपर्यंत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काच आली तेव्हाच तशी होती. रविवारी वास्तुशांत आहे, गावाहून आईबाबा येतायत. बाबांनी चाळीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसायचं नाही. त्यांना या काचेतून येऊरचा डोंगर दाखवायचा होता, म्हणून घाई आहे. नख संध्याकाळी बघून सांगतो.

सेक्शन_ट्रॅक
माझं रबाळ्याला स्लायडिंगचंच काम आहे, अठरा वर्षं. ऐकायला वाईट वाटेल पण टफनला पॉलिश नाही. काच बदला. आणि टफन तयार झाल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, त्यामुळे दुकानातून तुकडा आणून बसवला असं होत नाही. माप घ्यायचं, साधी काच कापायची, कडा घासायच्या, मग भट्टी. चार-पाच दिवस धरा, म्हणजे रविवार सोडून द्या. वर एका शटरची काच चौतीस किलोच्या आसपास भरेल, लिफ्टमध्ये तिरकी जाते का तेही आधी बघून ठेवा.

हिरवी_कड
कापता येत नाही हे शंभर टक्के बरोबर, पॉलिश होत नाही हे पटत नाही. भट्टीत काच ६०० अंशांच्या वर तापवतात आणि बाहेर काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी हवेचा झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून गार होत आकसतो, त्याने वरचा थर कायम दाबात राहतो आणि मधला ताणात. दाबाचा थर एका बाजूला जाडीच्या साधारण पाचवा हिस्सा असतो, म्हणजे ६ एमएममध्ये १ एमएमपेक्षा जास्तच. ओरखडा त्याच्या आत पोचला असता तर काच तेव्हाच दाणे होऊन खाली आली असती. ती उभी आहे म्हणजे ओरखडे वरवरचे आहेत, आणि वरवरचे असतील तर निघतात.

सेक्शन_ट्रॅक
कागदावर निघतात. मी खारघरला डोळ्यांनी बघितलंय, बंगल्याच्या दारावर एका मुलाने ग्रायंडरला बफ, म्हणजे पॉलिशचं पॅड, लावून चालवलं, तिसऱ्या मिनिटाला दार गेलं. नशीब त्याने बूट घातले होते. पुढच्याच्या अंगावर काच पडेल असा सल्ला देऊ नका.

हिरवी_कड
चार इंची ग्रायंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो, आणि तो कोरडा चालवला असणार. एकाच जागी काच तापली, बाजूची गार, मग जाणारच. तुम्ही बघितलंत ते खरं आहे, पण दोष ग्रायंडरचा आहे, पॉलिशचा नाही.

दुपारची_कॉफी
मी टूथपेस्टच्या बाजूने बोलते. माझ्या घड्याळाचे ओरखडे पांढऱ्या पेस्टने पूर्ण गेले. जेल पेस्ट घेतली असेल तुम्ही.

कोपरी_पूर्व
ताई, तुमच्या घड्याळाची 'काच' बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असणार, प्लास्टिक. त्यावर पेस्ट चालते. काच काठिण्याच्या मापात ५.५ ते ६ भरते आणि पेस्टमधला चुना ३, तो काचेला काय घासणार. तेच कारण ओरखड्यांचं, सिमेंटमध्ये वाळू असते, ती ७. म्हणजे त्या मुलांनी काचेवर ब्लेड फिरवलं नाही, ब्लेडखाली अडकलेली वाळू फिरवली. पाण्याने भिजवून ठेवलं असतं तर निम्मं आपोआप सुटलं असतं.

सेक्शन_ट्रॅक
हे मात्र अगदी खरं. आणि टफनची एक खोड सांगतो, भट्टीच्या रोलरवरून जाताना काचेची बारीक कणी खालच्या बाजूला चिकटून राहते. भट्टीवाल्याने आधी काच नीट धुतली नसेल तर जास्तच. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. ब्लेड मारलं की ती कणी सुटते आणि रेघ ओढत जाते. म्हणून आमची पोरं टफनवर ब्लेड वापरतच नाहीत, मी वापरू देत नाही.

येऊर_पायथा
घोडबंदरला टँकरच्या पाण्याचा त्रास आहे तोही लक्षात घ्या. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर मिक्स येतं, बाथरूमचं पार्टिशन सहा महिन्यांत पांढरं झालं, नळांना खार चढतो, गिझरची कॉइल दोनदा बदलली. बिल्डर बुकिंगच्या वेळी पाण्याबद्दल काय काय सांगतात. मेट्रोच्या कामाची धूळ तर दार उघडायची सोय नाही.

सानपाडा_स्टेशन
आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, ही कटकटच नाही.

वास्तू_विचारू_का
मुहूर्त कितीचा आहे? वास्तुशांतीला होम असतो, स्लायडिंगच्या जवळ कुंड मांडू नका, काच धगीने तडकेल.

हिरवी_कड
टफन काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते, होमाने काही होत नाही. शटर उघडं ठेवा, धूर बाहेर जाईल आणि वयस्कर माणसांना बरं पडेल.

वाघबीळकर
अहो मुहूर्त आणि टँकर राहू द्या. नख फिरवून बघितलं. डावीकडच्या शटरवर फक्त जाळ्यासारखे आहेत, नख अजिबात अडकत नाही. मधल्यावर ती लांब रेघ आहे तिथे नख टक् करून थांबतं, प्रत्येक वेळी. उजवीकडच्यावर ओरखडे कमी पण पांढरट ठिपके आहेत, ते हाताला उंच लागतात. सगळं आतल्या बाजूने. म्हणजे काय समजायचं? शनिवारला तीन दिवस राहिलेत.

तळ्याकाठची
मी स्वतः केलंय म्हणून लिहिते. डायनिंग टेबलची टफन काच, कुकर सरकवून ओरखडे पडले होते. काचेचं पॉलिश म्हणून सिरियम ऑक्साइडची पावडर मिळते, माझी फिकट गुलाबी होती. पाण्यात कालवून दुधासारखी पातळ करायची, ताकासारखी घट्ट नाही. फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, पॅड ड्रिलला लावायचं, ड्रिल सगळ्यात कमी स्पीडवर, आणि एका जागी थांबायचं नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा वीतभर भाग धरून फिरवत राहायचं. स्प्रेची बाटली दुसऱ्या हातात, पॅड सुकू द्यायचं नाही. दर मिनिटाला थांबून तळहात टेकवून बघायचं, कोमट लागली की बाजूला ठेवायचं. मला तळहाताएवढ्या भागाला चाळीस मिनिटं लागली. नख न अडकणारे सगळे गेले. नख अडकणारा एक होता त्याच्या मागे मी हट्टाने लागले, तो फिका झाला पण तिथे खळगा झाला. आजही टेबलावर दिव्याचं प्रतिबिंब पडलं की तेवढ्या जागी दिवा वाकडा दिसतो. तुम्हाला त्या काचेतून डोंगर बघायचाय, मधल्या रेघेला हात लावू नका.

कोपरी_पूर्व
ताईंनी सगळं सांगितलं. उजवीकडचे ठिपके म्हणजे ओरखडे नाहीत, राहिलेलं सिमेंट आहे. व्हिनेगरमध्ये कापड भिजवून पंधरा-वीस मिनिटं चिकटवून ठेवा, मऊ झालं की प्लास्टिकच्या पट्टीने उचला. खाली मार्बलचा उंबरा असेल तर आधी टॉवेल पसरा, व्हिनेगरने मार्बलची चकाकी जाते.

येऊर_पायथा
व्हिनेगर कशाला, टाइल्स साफ करायचं अ‍ॅसिड मारा, दोन मिनिटांत काम.

सेक्शन_ट्रॅक
अजिबात नको! अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनवर, म्हणजे चौकटीवर, ओघळलं की डाग कायमचा. काचेसाठी आलात आणि खिडकी घालवून बसाल.

पडदेवाली
तिन्ही काचांवर फ्रॉस्टेड फिल्म लावून टाका, ओरखडेही झाकतील आणि समोरच्या बिल्डिंगमधून दिसणारही नाही.

वाघबीळकर
ताई, फ्रॉस्टेड लावली तर डोंगर कसा दिसेल?

सेक्शन_ट्रॅक
वाघबीळकर, मी पहिल्यांदा सरसकट नाही म्हणालो ते मागे घेतो, डावी काच ताई म्हणतात तशी करून बघा. पण आधी खालच्या कोपऱ्यात, जिथे सोफा येणार असेल तिथे, वीतभर जागेवर ट्रायल. बूट, चष्मा घालूनच, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा. काचेवर काही कोटिंग असेल, म्हणजे बाहेरून आरशासारखी दिसत असेल, तर पॉलिश करू नका, कोटिंग निघेल. मधली काच बदलाच, पण रविवारनंतर. आजच माप देऊन ठेवा. आणि कॉन्ट्रॅक्टरचं उरलेलं बिल अजून दिलं नसेल तर देऊ नका, उन्हात पाच वाजता फोटो काढा, तिरके, मागे काळं कापड धरून, नाहीतर ओरखडे फोटोत येत नाहीत. काच आली तेव्हाचा एखादा फोटो शोधा.

वाघबीळकर
कोटिंग नाही, साधी आहे. फोटो सापडला! काच बसवली त्या दिवशी बायकोने समोर उभं राहून सेल्फी काढला होता, मागे ऊन आहे आणि काच निखळ आहे. कॉन्ट्रॅक्टरला पाठवला, अजून उत्तर नाही.

वाघबीळकर (आठ दिवसांनी)
उशीर झाला, पाहुणे होते. उजवीकडचे ठिपके व्हिनेगरने गेले, दोनदा करावं लागलं, उंबऱ्यावर टॉवेल घातला होता. डावी काच मी आणि मेहुण्याने शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मिळून केली, एक ड्रिल धरायचा, एक पाणी मारायचा. सगळी झाली नाही. डोळ्यांच्या पातळीचा पट्टा तेवढा केला, उभ्या माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंत, बाकी जाळी अजून आहे. मधलं शटर रविवारी पूर्ण सरकवून डाव्याच्या मागे घेतलं. बाबा संध्याकाळी खुर्ची घेऊन उघड्या भागातच बसले, काचेतून बघायची वेळच आली नाही, पण आईने डाव्या काचेतून बघितलं आणि तिला काही जाणवलं नाही. कॉन्ट्रॅक्टर मधल्या काचेचे पैसे बिलातून वळते करायला तयार झाला, मजुरी द्यायला नाही म्हणतोय. माप भट्टीवर गेलंय. तळ्याकाठच्या ताई, कोपरी_पूर्व, सेक्शन_ट्रॅक दादा, हिरवी_कड, मनापासून आभार.

सेक्शन_ट्रॅक
नवीन काच आली की बसवायच्या आधी कडा हाताने बघून घ्या, कुठे चिप उडालेली असेल तर घेऊ नका, टफन कडेतूनच जाते. आणि कोपऱ्यात टफनचा शिक्का आहे का बघा.

दुपारची_कॉफी
ती गुलाबी पावडर कुठे मिळाली? माझ्या बाथरूमच्या काचेला पण हवी आहे.

तळ्याकाठची
मी ऑनलाइन मागवली होती. पण तुमच्या काचेवर ओरखडे आहेत की पाण्याचे डाग? नख फिरवून बघितलंत का?