येशूविषयी सांगण्यासाठी चित्रपट दाखवावा की नाटिका बसवावी? सल्ला हवा

मोहरीचा दाणा:
मंडळीच्या तरुण संघाला दोन महिन्यांनी एक संध्याकाळ करायची आहे. चर्चमध्ये कधी न आलेले शेजारी, मित्र, सहकारी यांना बोलवायचं आणि येशूची ओळख करून द्यायची, पण प्रवचनातून नाही. सभागृहात १०० जण बसतात, मागे मोकळं अंगण आहे. साधनं म्हणजे ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि हातात धरायचे चार कॉर्डलेस माइक. रंगमंचाचा अनुभव कोणालाच नाही, तयारी मात्र मनापासून आहे. चित्रपट घ्यावा की नाटिका? नाटिका घेतली तर विषय कोणता? आणि कार्यक्रम संपल्यावर काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तिसरी घंटा:
कलाकार नवखे आणि हातात दोन महिने, म्हणजे येशूचं जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचं चरित्र बसवायचा विचार सोडा. त्यात पोशाख बदलण्यातच जीव जातो आणि एकही प्रसंग प्रेक्षकाच्या मनात उतरत नाही. १२ ते १५ मिनिटांची एकच नाटिका, पाच-सहा पात्रं, एकच प्रसंग.

माझी शिफारस बायबलमधल्या योहानकृत शुभवर्तमानाचा अध्याय ९, जन्मांध माणसाची गोष्ट. येशू त्याच्या डोळ्यांना चिखल लावतो, तळ्यावर जाऊन धुवायला सांगतो आणि त्याला दिसू लागतं. ४१ वचनं आहेत आणि बहुतेक सगळी संवादातच आहेत. हाच तो भिकारी का म्हणून वाद घालणारे शेजारी, पुन्हा पुन्हा तेच विचारणारे परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी धर्मपुढारी), "तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा" म्हणून अंग काढून घेणारे आईबाप. शिवाय या माणसाची समज पायरीपायरीने वाढते. आधी तो म्हणतो "येशू नावाच्या माणसाने", मग "तो संदेष्टा आहे", आणि शेवटी "प्रभू, मी विश्वास ठेवतो". नाटकाला लागणारा चढ आयता मिळतो. त्याहून मोठी सोय अशी की ८व्या वचनापासून ३४व्या वचनापर्यंत येशू समोर नाहीच. त्यामुळे येशूची भूमिका कोणी करायची, हा नवख्या गटाला अडवणारा प्रश्न सुरुवात आणि शेवट एवढ्यापुरताच उरतो. तिथे फक्त आवाज वापरला तरी चालतो.

संहिता लिहिताना मिनिटाला साधारण १३० शब्द धरा. हालचाली आणि थांबे सोडले तर १२ मिनिटांना १२०० शब्द पुरतात. कागदावर मोजू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

अशा संहितांमध्ये दोन दोष हमखास दिसतात. पहिला म्हणजे शेवटी एक पात्र प्रेक्षकांकडे वळतं आणि तीन मिनिटं शिकवण देतं. ते भाषण पूर्ण कापा. त्या क्षणी पाहुण्याला कळतं की आतापर्यंतची गोष्ट या भाषणासाठीच होती, आणि तो मनाने उठून जातो. दुसरा दोष म्हणजे विश्वास न ठेवणारं पात्र मूर्ख किंवा क्रूर दाखवणं. समोर बसलेल्यांपैकी अनेक जण स्वतःला त्याच पात्रात पाहणार आहेत. त्याच्या शंका खऱ्या ठेवा, त्याला चांगली वाक्यं द्या. तारण, कृपा, पश्चात्ताप हे शब्द येणारच असतील तर आधी घडणाऱ्या गोष्टीतून त्यांचा अर्थ दिसू द्या.

तालमी: पहिले दोन आठवडे संहितेला द्या. पुढे दीड-दीड तासाच्या दहा तालमी करा. दोन नुसत्या वाचनाच्या, तीन हालचाली बसवायच्या, तीन कागदाशिवाय, एक दिवे आणि आवाजासह थांबत थांबत, एक पोशाखात न थांबता. कागद सोडायची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि त्या दिवसापासून संवाद पुरवायला एक माणूस विंगेत बसवा.

खटका:
माइकबद्दल आधी लिहितो, कारण चार हातमाइक आहेत म्हणून ते वापरायचा मोह होईल. हातमाइक एकाकडून दुसऱ्याकडे गेला की नाटक तिथेच संपतं. १०० जणांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला नवखी मंडळीही तीन आठवड्यांत शिकतात. प्रत्येक तालमीत एकाने शेवटच्या रांगेत बसावं आणि ऐकू आलं नाही की हात वर करावा. कॉलर माइक मिळाले तर हनुवटीखाली साधारण १५ सेंटिमीटरवर, कपड्याला घासणार नाहीत असे चिकटवा. स्पीकर कलाकारांच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा. मागे ठेवले तर शिट्टी वाजणार.

दिवे समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके टाका. छतावरच्या दिव्यांखाली डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि चेहरा वाचता येत नाही.

आता चित्रपट दाखवायचा असेल तर. पडदा ३ मीटर रुंद घ्या, उंची साधारण १.७ मीटर येईल. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो दिलेला असतो. त्याला रुंदीने गुणलं की प्रोजेक्टरचं पडद्यापासूनचं अंतर मिळतं, म्हणजे १.५ असेल तर साडेचार मीटर. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीच्या आत, म्हणजे १० मीटरच्या आत हवी. दहा खुर्च्यांच्या दहा रांगा केल्या तर मागचे दोन-अडीच मीटर बाहेर जातात. १३ खुर्च्यांच्या ८ रांगा करा. पडद्याची खालची कड जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर वर ठेवा, नाहीतर उपशीर्षकं पुढच्यांच्या डोक्यांमागे लपतात.

३००० ल्युमेन अंधाऱ्या सभागृहात पुरतात, अंगणात सूर्यास्तानंतर पाऊण तास थांबावं लागेल. बाहेर वाऱ्यात पडदा शिडासारखा फुगतो, तेव्हा चारही कोपऱ्यांबरोबर खालची कडही चौकटीला बांधा. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि लांब वायर आवाजासाठीच न्या, कारण साधी एचडीएमआय केबल १० मीटरपलीकडे दगा देते. स्पीकरमधून घुंइं आवाज आला तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि आवाजाचा मिक्सर यांची वीज एकाच बोर्डावरून घ्या. बहुतेक वेळा तो जातो. फाइल लॅपटॉपमध्ये उतरवलेली असावी, इंटरनेटवरून चालवू नका. लॅपटॉपची झोप आणि सूचना बंद करा.

आणि परवानगी. घरी पाहायला घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी सार्वजनिक खेळासाठी नसते, प्रवेश फुकट असला तरी. हक्कधारकाकडून लेखी परवानगी आधी घ्या.

मोहरीचा दाणा:
दोघांचेही आभार. चित्रपट घेतला तर कोणता? आणि काही जणांना वधस्तंभाचा प्रसंग नाटिकेत हवाच आहे.

ओवरी:
चित्रपटांत १९७९चा 'जीझस' पहिल्यांदा विचारात घ्या. तो लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला आहे आणि २०००हून अधिक भाषांत उपलब्ध आहे. पाहुणे मातृभाषेत ऐकू शकतात, हा त्याचा मोठा गुण. अडचण लांबीची आहे. सुमारे दोन तासांनंतर कोणी बोलायला थांबत नाही, आणि तुमच्या कार्यक्रमाचा गाभा तर तिथेच आहे. एका संध्याकाळी सगळा दाखवण्यापेक्षा चार आठवडे अर्धा-अर्धा तास दाखवून प्रत्येक वेळी बोलणं जास्त फळ देतं. एकच संध्याकाळ असेल तर नाटिकाच घ्या.

आमंत्रणात स्पष्ट लिहा की कार्यक्रम येशूविषयी आहे, मंडळीने ठेवला आहे आणि शेवटी गप्पा होतील. नुसता 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणून बोलावलेला माणूस फसवला गेल्यासारखा घरी जातो, आणि त्याचं ते वाटणं बरोबर असतं.

नाटिका संपल्यावर एक मिनिट शांतता, मग सहा ते आठ जणांचे गट. प्रत्येक गटात मंडळीचे दोघंच, बाकी पाहुणे. गट चालवणाऱ्याने एकूण वेळेच्या पाव हिश्श्याहून जास्त बोलू नये. हे त्याला तालमीत शिकवावं लागतं, संवादांइतकंच. प्रश्न तीन पुरतात. कोणत्या पात्राचा राग आला? आईबापांच्या जागी तुम्ही असता तर काय उत्तर दिलं असतं? त्या माणसाने शेवटी जे म्हटलं ते तुम्हाला पटलं का? "नाही पटलं" हे उत्तर आलं की लगेच खोडायला जाऊ नका, "का?" एवढंच विचारा. वीस-पंचवीस मिनिटांत थांबा. डोळे मिटायला लावून, हळवं संगीत वाजवून हात वर करायला सांगू नका. त्या भरात झालेला निर्णय आठवडाभरही टिकत नाही आणि माणूस पुढे तुम्हाला टाळतो.

ज्याला पुढे यायचं आहे त्याने आपणहून चिठ्ठीवर नंबर लिहावा. दोन-तीन दिवसांत फोन व्हावा, आणि तो त्याच्याच गटात बसलेल्याने करावा. पुढचं पाऊल कार्यक्रमाआधीच ठरलेलं हवं. सहा आठवडे मार्ककृत शुभवर्तमान वाचायला घ्या. १६च अध्याय आहेत, आठवड्याला दोन-तीन येतात. मदतवाटप, औषधं, फी असलं काहीही या कार्यक्रमाला जोडू नका. मुलांकडून आईवडिलांच्या नकळत कोणताही निर्णय घेऊ नका.

तिसरी घंटा:
वधस्तंभाबद्दल. योहान ९ घेत असाल तर तो प्रसंग ओढून आणू नका. वेगळा करायचाच असेल तर मागून दिवा टाकून पडद्यावर सावली दाखवा. माणूस खरंच चढवणार असाल तर पायाखाली भक्कम फळी आणि कमरेला सुरक्षा पट्टा हवाच. मनगटांवर भार अजिबात नको, हात वर ताणून लटकलेल्या माणसाचा श्वास लवकर कोंडतो. खांबाचा पाया एका माणसाच्या दुप्पट वजनाने आधी तपासा.

दुसरी काळजी यहूदी पात्रांची. जर्मनीतल्या ओबेरामेरगाऊ गावाचं येशूच्या दुःखसहनाचं नाटक १६३४पासून चालू आहे, पण यहूद्यांना एकजात खलनायक दाखवणारे भाग तिथेही बदलावे लागले. येशू, त्याची आई, शिष्य सगळे यहूदीच होते, हे पोशाखातही दिसू द्या. योहान ९मध्येही परूशांमध्ये फूट पडते, १६वं वचन पाहा. ती फूट संहितेत ठेवा, त्यातला एक जण येशूच्या बाजूने बोलू द्या.

खटका:
एक राहिलं. चिखल डोळ्यांना लावणं आणि तळ्यावर धुणं विंगेत घ्या. रंगमंचावर पाणी सांडलं तर पुढचा कलाकार घसरतो, आणि कॉलर माइक भिजला की तो त्या प्रयोगापुरता गेलाच.

ओवरी:
अंध माणसाचं काम करणाऱ्याने डोळे मिटून ठोकरत चालू नये. जन्मापासूनच्या वाटा त्याला पाठ आहेत, तो सहज चालतो, फक्त बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता आवाजाकडे कान करतो. तुमच्या ओळखीत दृष्टिहीन कोणी असतील आणि त्यांची तयारी असेल, तर आठव्या तालमीला त्यांना बोलवा आणि ते सुचवतील ते बदल करा.