लग्नात पिण्याच्या पाण्याची सोय कशी केलीत? नाशिककरांचे अनुभव हवेत

धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे, गंगापूर रोडच्या एका लॉनवर. पाचशेच्या आसपास माणसं. केटरर म्हणतो, छोट्या बाटल्या ठेवा, कटकट नाही. मला ते पटत नाही. माणूस दोन घोट घेऊन बाटली ठेवतो आणि जरा वेळानं दुसरी फोडतो. लग्न उरकलं की टेबलांखाली अर्ध्या बाटल्यांचा खच. प्लॅस्टिकचे ग्लास १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत आणि कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचाच थर असतो. ज्यांनी वेगळी व्यवस्था केली त्यांनी खर्चासकट लिहा. पाहुण्याला पाणी मागावं लागू नये, एवढी एकच अट.

पंचवटी, मुलाची आई
आम्ही जार आणि स्टीलचे ग्लास ठेवले. हिशोब सरळ आहे. ५०० माणसांना २०० मिलीच्या दोन-दोन बाटल्या, म्हणजे १००० बाटल्या. पाणी भरतं २०० लिटर. तेच २० लिटरच्या १० जारांत येतं. ऊन होतं म्हणून आम्ही दुप्पट जार मागवले, सील न तोडलेले परत घ्यायचे असं जारवाल्याशी आधीच ठरवून. ग्लासांचं भाडं आणि धुणाऱ्या बायकांची मजुरी धरूनही बाटल्यांच्या निम्म्यात भागलं. शिवाय भाचे-पुतणे जग घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. पंगतीत पानं मांडली की आधी पाणी फिरायचं, तसं वाटलं अगदी.

सातपूर, केटरिंगचं काम करतो
ग्लासांचं भाडं किरकोळ असतं, खरी मेहनत धुण्यात आहे. पाचशे माणसांना पाचशे ग्लास पुरत नाहीत. माणूस आल्यावर एकदा ग्लास उचलतो, जेवताना एकदा, आईस्क्रीमनंतर पुन्हा. निदान दीडपट घ्या आणि दोन बायका फक्त ग्लासांसाठी लावा. खरकट्या ताटांच्या टबात ग्लास अजिबात टाकू देऊ नका. रश्श्याचा तेलकट वास ग्लासाला राहतो आणि तो नाकाशी आला की पाहुणा हमखास बाटली मागतो. तीन टब वेगळे लावा: साबणाचं पाणी, साधं पाणी, शेवटी कडकडीत गरम. मग जाळीच्या क्रेटमध्ये उपडे. फडक्यानं पुसायचे नाहीत, गरम पाण्यानं आपोआप सुकतात. वापरलेल्या ग्लासांचा क्रेट पाण्याच्या टेबलालगतच ठेवा, नाहीतर ग्लास लॉनभर सापडतात.

निफाड तालुका
आमच्याकडे हळद मळ्यातच होती, द्राक्षबागेशेजारी. मातीचे रांजण ठेवले होते. नवे रांजण आठवडाभर आधी आणा, भरून ठेवा, रोज पाणी बदला. मातीचा उग्र वास जातो. पाणी बाहेर पाझरून सुकतं म्हणून रांजण गार राहतो, त्यामुळे त्याला सावलीइतकाच वारा लागतो. मांडवाच्या कोपऱ्यात कोंबलात तर उपयोग नाही. आम्ही ओल्या वाळूवर मांडले, भोवती भिजलेलं गोणपाट, आत वाळ्याची जुडी. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी छान गार झालं. वळवाचं वातावरण होऊन हवा दमट झाली तर मात्र तेवढं गार होत नाही, हे धरून चाला. आणि रांजणापाशी ओगराळं घेऊन माणूस उभा हवाच. तो नसला की जो तो आपला ग्लास आत बुडवतो.

जुनं नाशिक
तांब्याची पिंपं ठेवणार असाल तर त्यात साधं पाणीच भरा. लिंबू सरबत, ताक, कोकम तांब्यात ठेवू नका, आंबट कळकतं. आदल्या दिवशी चिंच-मिठानं घासून घ्या.

सिडको
जेवणाचं ठीक आहे, पण वऱ्हाडाच्या बसचं काय? उन्हात तीन तासांचा प्रवास, गाडीत म्हातारी माणसं आणि लेकरं. आम्ही बसमध्ये दोन जार आणि स्टीलचे ग्लास दिले होते. चालत्या गाडीत ओतताना निम्मं पाणी सांडलं. तिथे लिटरच्या सीलबंद बाटल्या द्याव्यात हे माझं स्पष्ट मत आहे. रिकाम्या बाटल्यांसाठी एक पोतं बसमध्येच बांधा आणि भंगारवाल्याला द्या.

इंदिरानगर
बर्फ पाण्यात टाकू देऊ नका. लग्नात येणारी लादी कुठल्या पाण्याची आहे, कळत नाही. टबात बर्फ घालून त्यात जग उभे करा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बसला लिटरच्या बाटल्या, जेवणाला जार आणि ग्लास, प्रवेशद्वाराशी दोन रांजण असं घरी ठरलं. धुण्याच्या बायका केटररच्या करारातच लिहून घेतोय. आता एकच: तोटी बसवलेले मोठे रांजण नाशिकमध्ये भाड्याने कुठे मिळतात? विकत घेतले तर लग्नानंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणपोईला लावायचा विचार आहे.