घोड्याचं पोट साधं, तरी गवत पचतंच
चार पोटं असल्याशिवाय गवत पचत नाही असं म्हणतात ते अर्धंच बरोबर, मुळात गाईला पोट एकच, कप्पे चार, आणि घोडा साध्या पोटावर गवत खाऊन धडधाकट राहतोच की. फरक जागेचा आहे. गाईचे जंतू आधीच, कोठीपोटात (पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात) गवत आंबवतात आणि मग ते जंतूच पुढे जाऊन पचतात, तिचं बरंचसं प्रोटीन तेच. घोड्याचं आंबवणं लहान आतड्याच्या पुढे चालतं, म्हणजे प्रोटीन शोषलं जाण्याची जागा मागे पडल्यावर, म्हणून जंतूंचं प्रोटीन बहुतेक लिदीबरोबर वाया. लीद फोडून बघा, काड्या स्पष्ट दिसतात, शेणात तेवढ्या नाही.

सशाचं आंबवणंही घोड्यासारखं पुढेच, पण त्याने भारी जुगाड केलाय, मऊ लेंड्या बाहेर येताच थेट तोंडाने उचलून परत खातो, किळसवाणं वाटेल पण प्रोटीन आणि बी व्हिटॅमिन दुसऱ्या फेरीत वसूल.