टोल माफ झालाय ना? मग फास्टॅगमधून पैसे कुठे जातायत

घोडबंदरकर:
राहायला कासारवडवलीला, ऑफिस महापेला. आधी टोलचे ४५ रुपये वाचवायला कळवा-विटाव्यावरून जायचो, पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की झालंच. टोल माफ झाल्यापासून आनंदनगर करून ऐरोली ब्रिज पकडतो, आजवर एक रुपया कापला गेला नाही. आणि परवा रविवारी गाडी खाली पार्किंगमध्ये, मी वर पोहे खातोय, फोनवर टिंग. पडघ्याचा टोल कापला. थोड्या वेळाने परत टिंग, घोटी. म्हटलं सिस्टीमची काहीतरी गडबड असेल, सोडून दिलं, तर आज सकाळी घोटी आणि मग पडघा, म्हणजे माझी गाडी मला न विचारता नाशिकला जाऊन देवदर्शन करून परतपण आली! बाबा म्हणतायत सरकारने टोल बंद केलाय तर तो स्टिकर ठेवलायस कशाला, खरवडून टाक. काढला तर चालेल का? आणि पैसे परत मिळतात का कुणाला मिळालेत?

वाशीखाडी:
स्टिकर काढू नकोस भावा. बाबांना सांग, माफी फक्त मुंबईच्या पाच एन्ट्रीवर आहे, वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन (एलबीएस आणि तुमचं आनंदनगर) आणि दहिसर. तेही कार वगैरे छोट्या गाड्यांना, ट्रकवाले अजून भरतायत. बाकी कुठेही गेलास तरी टोल आहेच, अटल सेतूला कारचे एका बाजूचे २५० जातात. आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या टोलनाक्यांवरपण फास्टॅग कंपल्सरी आहे, नसेल तर डबल. हायवेवर आता यूपीआयने दिलास तर सव्वापट.
पैशांचं म्हणशील तर ज्या बँकेचा टॅग आहे तिथे तक्रार टाक, टोलनाक्यावर जाऊन भांडून काय होत नाय. नाशिक रोड नॅशनल हायवे आहे म्हणजे १०३३ ला पण फोन करता येईल. सोसायटीच्या सीसीटीव्हीत गाडी उभी दिसत असेल तर ते फूटेज आजच काढून घे, आमच्याकडे पंधरा दिवसात पुसलं जातं.

मुलुंडपलीकडचा:
माफी कधी मिळाली ते पण सांगा की. १४ ऑक्टोबर २०२४ ला निर्णय आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेची आचारसंहिता 😂 इतकी वर्षं आम्ही बोंबलतोय तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही

कोपरीची_ताई:
@मुलुंडपलीकडचा निवडणुकीसाठी दिली असेल, मिळाली ना? रोज जाऊन येऊन भरणाऱ्याला विचारा. माझे मिस्टर विक्रोळीला जातात, महिन्याला पेट्रोलच्या वर हा एक खर्च होता. मनसेवाल्यांनी २०२३ ला दर वाढले तेव्हा ठाण्यात उपोषण केलं होतं, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री ठाण्याचेच. आता श्रेय कुणी घ्यायचं ते घेऊ दे, आम्हाला काय त्याचं.

मुलुंडपलीकडचा:
ताई मिळाली म्हणजे फुकट नाही मिळाली. कंत्राटदाराला भरपाई सरकार देणार, म्हणजे ज्याच्याकडे सायकलपण नाही त्याच्यापण खिशातून तुमच्या कारचा टोल. आणि टोल गेला तरी रांग गेली का? संध्याकाळी आनंदनगरला येऊन बघा, अजून तेवढीच वाट लागते. पूर्वी निदान सुट्टे नाहीत म्हणून भांडायला तरी माणूस होता समोर

कोपरीची_ताई:
हे मात्र खरंय 😄 रांग तशीच आहे

ऐरोली_सेक्टर_आठ:
राजकारण बाजूला ठेवा जरा. @घोडबंदरकर गाडी न हलता पैसे जाण्याची साधारण दोन-तीन कारणं असतात. एक, टॅग वाचला नाही की नाक्यावरचा माणूस गाडीचा नंबर हाताने टाईप करतो, एक आकडा चुकला की दुसऱ्याच्या खात्यातून जातात. पण ते एकदा होईल, चार वेळा नाही, आणि ते पण जाताना-येताना बरोबर क्रमाने तर अजिबातच नाही. दुसरं, जुना व्यवहार उशिरा कापला जातो, पण तू नाशिकला गेलाच नसशील तर तो प्रश्न येत नाही. म्हणून विचारतो, मेसेजमध्ये गाडीचा नंबर असतो तो नीट वाचलास का? नुसती रक्कम आणि नाक्याचं नाव बघून आपण मेसेज बंद करतो, मी पण तेच करतो.

घोडबंदरकर:
थांबा बघतो

घोडबंदरकर:
हा आत्ताच्या गाडीचा नंबर नाहीये. बाबांच्या जुन्या वॅगनआरचा आहे. ती दिवाळीच्या आधी एका डीलरला दिली. टॅग बाबांच्या नावावर पण मोबाईल नंबर माझा आणि ऑटो रिचार्ज पण माझ्याच खात्यातून 🤦 म्हणजे गेले काही महिने कोण तरी माझ्या पैशाने फिरतंय आणि मी इथे सरकारला शिव्या घालतोय

वाशीखाडी:
😂😂😂 तरी म्हटलं देवदर्शन कुणी केलं

ऐरोली_सेक्टर_आठ:
बँकेत आता चुकीचे पैसे कापले म्हणून तक्रार टाकू नकोस, ते नाकारतील, कारण टॅगही खरा आणि प्रवासही खरा. आधी ऑटो रिचार्ज बंद कर, मग टॅग बंद करायची रिक्वेस्ट टाक, उरलेला बॅलन्स आणि डिपॉझिट परत मिळेल. गाडी विकली की काचेवरचा टॅग काढून बँकेला कळवायचं हे आपल्याकडे कोणी करत नाही, आरसा पुसून देतील, मागच्या सीटचं कव्हर काढून घेतील, टॅग तसाच.
पण टोलचे पैसे किरकोळ आहेत. आरसी ट्रान्सफर झाली का? २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या म्हणजे झाली असं नाही, डीलर कागद ड्रॉवरमध्ये ठेवून गिऱ्हाईकाची वाट बघत बसतो. विकणाऱ्याने १४ दिवसात आरटीओला कळवायचं असतं. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस कासारवडवलीला येणार. परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बघ आधी.

घोडबंदरकर:
बघितलं. अजून बाबांच्याच नावावर दाखवतंय. डीलरला फोन केला तर म्हणतो साहेब प्रोसेसमध्ये आहे.

कोपरीची_ताई:
त्याचं प्रोसेसमध्ये म्हणजे अजून हातच लावलेला नाही. स्वतः जाऊन बसा त्याच्याकडे, बाबांना घेऊन जा, म्हाताऱ्या माणसासमोर जरा लाजतात. आणि ई-चलन बघितलंत का?

घोडबंदरकर:
दोन आहेत. एक नो पार्किंग, एक हेल्मेट.

मुलुंडपलीकडचा:
वॅगनआरमध्ये हेल्मेट??

घोडबंदरकर:
तेच विचारायला उद्या चौकीत जातोय