पावसात ईएलसीबी पडते, सगळ्या एमसीबी पाडल्या तरी बसत नाही

पेठेतला वायरमन
शिवाजी पेठेतलं जुनं घर. खाली दगडमातीच्या भिंती, वर नंतर टाकलेला स्लॅब. सिंगल फेज, 40 अँपिअर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाईन तोडणारं स्विच, मालक ईएलसीबी म्हणतात), पुढं सहा सिंगल पोल एमसीबी (लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला की पडणारे, फक्त फेज तोडणारे स्विच). पावसानं झड धरली की पडते, दोन दिवस उघडीप मिळाली की चढवल्यावर टिकते. गीझर, मोटर, फ्रिज सगळं काढून बघितलं. सहाच्या सहा एमसीबी खाली पाडल्या तरी पडते. सकाळी कधी टिकते, संध्याकाळी सात-आठला हमखास जाते. आरसीसीबी नवी टाकली, तीच गत. मालक म्हणतात आरसीसीबी काढून डायरेक्ट करून द्या. कुठनं सुरुवात करू?

मेगरवाला
एमसीबी पाडल्यावर फेज तुटला, न्यूट्रल कुठं तुटला? सिंगल पोल आहेत ना. सहाही लाईनींचे न्यूट्रल लिंकवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर) एकत्रच आहेत. त्यातला एक कुठंतरी अर्थला लागलाय.

आता हिशेब बघा. फेज लीक असेल तर 230 व्होल्टला 30 मिलिअँपिअर जायला साधारण साडेसात किलोओहमची वाट पुरते, नुसती ओली भिंतही चालते. न्यूट्रलचं तसं नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये 3 व्होल्ट असतील आणि आरसीसीबी 25 मिलिअँपिअरला पडत असेल, तर अर्थिंगच्या खड्ड्यासकट सगळी वाट 120 ओहमच्या आत पाहिजे. म्हणजे नुसती ओल नव्हे, तांबं जवळजवळ लोखंडाला टेकलेलं आहे. संध्याकाळी का जाते तेही यातच आलं: गल्लीचा लोड वाढतो, सर्व्हिस लाईनच्या न्यूट्रलवर व्होल्टेज चढतं. आणि पाऊस मुरला की अर्थिंगचा रेझिस्टन्सही खाली येतो.

पद्धत अशी. मेन बंद. आरसीसीबीच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी काढा, मेन देऊन ती एकटी चढवा. टिकली तर ती ठीक आहे. परत मेन बंद. लिंकवरचे सगळे न्यूट्रल सोडवा, प्रत्येकाला चिकटपट्टीनं नंबर द्या, मग 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) एकेक न्यूट्रल ते अर्थ मोजा. 1 मेगाओहमच्या खाली आला तर ती लाईन संशयित. तुमच्या केसमध्ये काटा शून्याला चिकटेल.

फेज-न्यूट्रलमध्ये मेगर लावू नका, एलईडीचे ड्रायव्हर जातात. डीबीत (एमसीबींच्या पेटीत) सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही आधी काढा, नाहीतर चुकीचं रीडिंग येतं.

सोल्डर आणि टेप
वरच्यात एक भर. इन्व्हर्टर आहे का? एमसीबी पाडल्या की तो बॅटरीवर जातो आणि त्याच्यावरच्या लाईनी जिवंतच राहतात. त्याचा इनपुट प्लग काढा, आउटपुट बंद करा, टेस्टर लावून खात्री करा, मगच लिंकला हात लावा. आणि मेन चालू ठेवून न्यूट्रल सोडवायचा शहाणपणा नको. पुढं पंखा चालू राहिला असेल तर सुटलेल्या टोकावर पंख्यातनं फेज येतो.

बल्बनं अर्थिंग तपासायची सवयही सोडा, भावा. 100 वॅटचा बल्ब फेज-अर्थला लावला की 430 मिलिअँपिअरच्या आसपास जातात, आरसीसीबी पडणारच. त्यावरनं ती खराब म्हणून बदललेल्या लई असतील.

पेठेतला वायरमन
सापडलं. इन्व्हर्टर नव्हता. पाच न्यूट्रल 20 मेगाओहमच्या वर, चौथा शून्य. ही लाईन जिन्याची आणि गच्चीची. जिन्याच्या बॉक्समध्ये जॉइंट तोडून दोन भाग केले, गच्चीकडचा शून्य निघाला. गच्चीच्या दिव्याचा लोखंडी बॉक्स उघडला तर तळाला बोटभर पाणी. न्यूट्रलचा पीळ मारलेला जॉइंट, वर कापडी टेप, तो बॉक्सच्या कडेला टेकलेला. कडेला हिरवा गंज. पाणी वरनं नाही, पाईपमधनं उतरत होतं.

मेगरवाला
बॉक्स बदलला तरी पाईप तसाच ठेवलात तर पुढच्या आषाढात परत तेच. पाईपचं वरचं तोंड खाली वळवा, वायरीला बॉक्सच्या आधी एक झोल द्या म्हणजे पाणी झोलावरनं गळेल. प्लास्टिकचा आयपी 65 (धूळ-पाणी आत न जाणारा) बॉक्स, तळाला 5 मिलिमीटरचं भोक, जॉइंट कनेक्टरमध्ये. नवी वायर ओढायचीच असेल तर 1.5 स्क्वेअर मिलिमीटरची, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही एकदम.

पेठेतला वायरमन
आणि डायरेक्ट करायचं काय सांगू मालकांना?

सोल्डर आणि टेप
सांगा की 32 ची एमसीबी 200 मिलिअँपिअरच्या शॉकला ओळखतसुद्धा नाही. तरीही कुरकुर राहिलीच तर गच्ची-जिन्याच्या लाईनीला न्यूट्रलही तोडणारी वेगळी 30 मिलिअँपिअरची आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) बसवा आणि ती लाईन मेनच्या आरसीसीबीच्या आधीच्या बाजूनं घ्या, तिचा न्यूट्रल जुन्या लिंकवर अजिबात नको. मग पावसात गच्चीचा दिवा गेला तरी घरातला फ्रिज चालू राहील.