मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या स्टॅफर्ड गॅम्बिटला (काळ्याने प्यादं देऊन हल्ला करायची सुरुवात) पांढऱ्याचं सी३-डी४ आलं की पुढे काय?

अंधेरी-चर्चगेट लोकलमध्ये बसायला मिळालं की मी फोनवर तीन मिनिटांचे डाव खेळतो. काळी मोहरी असली की स्टॅफर्ड ठरलेला (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर, आधी पांढऱ्याची चाल, मग माझी): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, त्याने ई५वरचं प्यादं मारलं की माझा घोडा सी६. घोडे कटतात, मी डी-प्याद्याने परत मारतो. प्यादं जातं, पण दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या होतात. मग त्याचं डी३, माझा उंट सी५, आणि पांढऱ्याने उंट जी५वर आणला की घोड्याने सरळ ई४ मारायचं. त्याने वजीर घेतला तर उंट एफ२ शह, राजा ई२, दुसरा उंट जी४ आणि मात! वजीर देऊन दोन उंट आणि घोड्याने केलेली ही मात मला फार आवडते.

पण हल्ली समोरचे डी३, उंट ई२, सी३ असं झटपट खेळतात आणि डी४ करून उंटाला मागे रेटतात. केंद्र त्यांचं, वर माझं प्यादं कमी. शिवाय पुढच्या महिन्यात पार्ल्यात रॅपिड (जास्त वेळाच्या डावांची) स्पर्धा खेळायची आहे. नवीन ओपनिंग (डावाची सुरुवात) पाठ करायला वेळ नाही. कृपया नुसतं ‘स्टॅफर्ड सोडा’ म्हणू नका, त्याऐवजी काय ते सांगा.

प्रतिसाद:
सी३-डी४ला पक्कं उत्तर नाही, बुद्धिबळाचं संगणक इंजिनही पांढऱ्यालाच सरस ठरवतं. ब्लिट्झमध्ये, म्हणजे तुमच्या तीन मिनिटांच्या डावांत, एच५, घोडा जी४ करून राजावर जा. समोरचा विचार करायला लागला तर निदान त्याचा वेळ जातो. सी३ न थांबता आलं, तर त्याला सगळं पाठ आहे असं समजा.

रॅपिडसाठी नवीन काही नकोच. तुमच्या पहिल्या दोन चाली पेट्रॉफ बचावाच्याच आहेत! ई५ मारल्यावर घोडा सी६ऐवजी डी६ करा, त्याचा घोडा मागे गेला की मग ई४ मारा. आव्हानवीर कारुआना २०१८च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनविरुद्ध हाच बचाव खेळला होता. फक्त डी६ आधी, हे विसरू नका. लगेच ई४ मारलंत तर पांढऱ्याचा वजीर ई२ला येतो, आणि घाबरून तुम्ही घोडा एफ६ला परत नेला की त्याचा घोडा सी६, उघडा शह (घोडा हलताच मागच्या वजिराचा शह), तुमचा वजीर गेला.

धागाकर्ता:
डी६ सुचलंच नव्हतं, मनापासून आभार! आता एक सांगा: डी६नंतर त्याचा घोडा एफ३ला गेला, मी ई४ मारलं आणि पांढऱ्याने डी४ केलं, तर माझं डी५ बरोबर ना?