अंधाऱ्या अमेरिकन कादंबऱ्यांतील चांगुलपणा: आशा की नुसता हट्ट?

समास (मूळ प्रश्न)

कॉरमॅक मॅकार्थी यांच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००५) आणि ‘द रोड’ (२००६) या दोन कादंबऱ्या मी नुकत्याच लागोपाठ वाचल्या. पहिलीतील एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा प्रश्न.

काळ १९८० चा, स्थळ टेक्सास. शिकारीला गेलेल्या लुएलिन मॉसला उजाड माळावर अमली पदार्थांच्या व्यवहारातून उडालेल्या चकमकीनंतरची प्रेते दिसतात आणि पुढे वीस लाखांहून अधिक डॉलर असलेली बॅग सापडते. एका गाडीत एक माणूस अजून जिवंत असतो आणि पाणी मागत असतो. मॉसजवळ पाणी नसते. तो पैसे घेऊन घरी येतो, पण रात्री त्याला जाग येते आणि त्या माणसासाठी पाणी घेऊन तो परत जातो. तोवर माणूस मेलेला असतो. मॉस मात्र मारेकऱ्यांच्या नजरेस पडतो, त्याची गाडी त्यांच्या हाती लागते आणि तेथून त्याचा नाश सुरू होतो. चोरी कदाचित पचली असती, पाणी नेणे पचले नाही, असेच जणू लेखक सांगतो.

अशा पुस्तकांवर लिहिणारे बहुतेक जण शेवटी ‘तरीही आशा उरते’ असे एखादे वाक्य लिहून मोकळे होतात. ज्या जगात सत्कृत्याला फळ तर मिळत नाहीच, उलट तेच अंगाशी येते, त्या जगात ही आशा नेमकी कोठे असते? ती पुस्तकात असते, की पुस्तक मिटल्यावर आपल्याला झोप लागावी म्हणून आपणच ती तेथे ठेवतो?

पानगळ

प्रथम एक दुरुस्ती. मॉसने आणलेल्या बॅगेत नोटांच्या गठ्ठ्यात ठावठिकाणा कळवणारे यंत्र दडवलेले होते. तो पाणी घेऊन गेला नसता तरी आज ना उद्या त्याचा माग लागलाच असता, म्हणजे चोरीही पचणार नव्हती. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण मग ‘चांगुलपणाला शिक्षा झाली’ असे म्हणता येत नाही. त्या जगाला चांगुलपणाशी वैरही नाही आणि त्याची दखलही नाही. ही उदासीनता वैरापेक्षा अधिक भयंकर आहे, पण तिचा एक अर्थ असाही होतो की पाणी नेण्याचा निर्णय पूर्णपणे मॉसचा उरतो.

आता ‘द रोड’. प्रलयानंतरच्या उजाड जगात एक बाप आणि त्याचा लहान मुलगा वाट तुडवत आहेत. समुद्रकिनाऱ्यावर एक चोर बापलेकांची सगळी शिदोरी पळवतो. बाप त्याला गाठतो, बंदुकीच्या धाकाने त्याला अंगावरचे कपडे आणि पायातले जोडेसुद्धा काढायला लावतो आणि थंडीत तसाच सोडून देतो. बापाच्या बाजूने पाहिले तर यात अन्याय नाही. चोराने त्यांना मरायलाच सोडले होते आणि तो त्याचीच परतफेड करतो. मुलगा मात्र रडतो, विनवतो, आणि अखेर दोघे मागे जातात. चोर सापडत नाही. ते त्याचे कपडे रस्त्यावर ठेवून निघून येतात. ते कपडे त्याला मिळाले की नाही हे कादंबरी कधीच सांगत नाही.

याच सुमारास बाप मुलाला म्हणतो की सगळ्याची काळजी करण्याची जबाबदारी तुझी नाही, आणि मुलगा उत्तर देतो की ती माझीच आहे. बापाची नीती ‘माझे मूल वाचले पाहिजे’ येथे संपते. मुलाची तेथून सुरू होते. बापाच्या मृत्यूनंतर एक अनोळखी माणूस मुलाला भेटतो आणि मुलगा त्याच्याबरोबर, त्याच्या कुटुंबात जातो. बाप जिवंत असता तर त्याच्या संशयाने या कुटुंबाला जवळ येऊच दिले नसते. म्हणून हा शेवट मला वरून चिकटवलेला वाटत नाही. मुलाच्या स्वभावातूनच तो येतो. याला मी आशा म्हणेन, आशावाद म्हणणार नाही, कारण शेवटच्या परिच्छेदात लेखक डोंगरी ओढ्यांतले मासे आठवून हेही सांगतोच की जे मोडले ते पुन्हा तसे होणार नाही.

(आपल्याकडे असा प्रसंग दिसला की ‘निष्काम कर्म’ म्हणून विषय मिटवण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुलगा निष्काम मुळीच नाही. चोर जगावा अशी त्याची उत्कट इच्छा आहे.)

उत्तररात्र

मला समास यांचा दुसरा प्रश्न अधिक रोचक वाटतो: आशा पुस्तकात कोण ठेवतो? याचे एक चांगले उदाहरण रेमंड कार्व्हर यांच्या एकाच कथेच्या दोन रूपांत सापडते.

आई मुलाच्या वाढदिवसासाठी केक सांगून ठेवते, पण वाढदिवशीच मुलाला मोटारीची धडक बसते आणि तो रुग्णालयात बेशुद्ध पडतो. केक नेला नाही म्हणून चिडलेला बेकरीवाला घरी पुन्हा पुन्हा फोन करत राहतो. १९८१ च्या संग्रहातील ‘द बाथ’ ही कथा अशाच एका फोनवर तुटते. मूल जगले की नाही हेही कळत नाही. १९८३ च्या ‘कॅथीड्रल’ संग्रहात तीच कथा ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने येते. तीत मूल मरते, आईबाप संतापाने रात्री बेकरी गाठतात, सारे कळल्यावर बेकरीवाला क्षमा मागतो, त्यांना बसवतो, ताजे गरम पाव खायला देतो आणि तिघे पहाटेपर्यंत बोलत बसतात.

वरवर पाहता लेखक वयाबरोबर मऊ झाला आणि त्याने नंतर दिलासा जोडला, असे वाटते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. संपादक गॉर्डन लिश यांनी १९८१ च्या संग्रहातील कथांवर जबर कात्री चालवली होती. मूळ हस्तलिखित २००९ मध्ये ‘बिगिनर्स’ या नावाने छापले गेले, तेव्हा बेकरीतला तो शेवट त्यात आधीपासून असल्याचे दिसले. म्हणजे दिलासा लेखकाचा होता आणि ज्या कोरड्या अंधारासाठी कार्व्हर नावाजले गेले, त्यातला बराचसा संपादकाचा होता. अंधार तेवढा खरा आणि दिलासा तेवढा भाबडा, हे आपले गृहीतक त्यामुळे मला तपासून पाहावेसे वाटते. तरीही कबूल करतो की ‘द बाथ’ मला अधिक अस्वस्थ करते.

काठावरची

आतापर्यंतची चर्चा एकट्या माणसाच्या निर्णयांवर फिरते आहे. टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (१९८७) यात आणावी असे वाटते. १८५६ मध्ये केंटकीतून ओहायोत पळून आलेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने पकडले जाण्याच्या क्षणी आपल्या लहान मुलीला ठार केले, त्या घटनेवरून ही कादंबरी सुचली. येथला अंधार कल्पनेतल्या प्रलयाचा नाही. तो कायद्याने चालवलेला होता.

या कादंबरीत वस्तीही दोषी आहे. गुलामीतून पळून आलेली नायिका सेथी, तिच्या सासूने दिलेल्या मोठ्या जेवणावळीने शेजाऱ्यांच्या मनात असूया पेटते आणि पकडायला माणसे येत आहेत हे कोणी त्या घराला कळवत नाही. पुढे अनेक वर्षांनी सेथीची मुलगी डेन्व्हर एकटी अंगणाबाहेर पाऊल टाकून मदत मागते, तेव्हा त्याच वस्तीतून अन्न येऊ लागते, आणि भांडी परत करता यावीत म्हणून काहींबरोबर नावाच्या चिठ्ठ्याही असतात. ज्यांनी तेव्हा तोंड फिरवले, त्यांच्यातल्याच बायका शेवटी त्या घरासमोर जमून गातात. मॅकार्थींच्या जगात शेजारीच नाहीत, त्यामुळे नीतीचा सारा भार एका मुलावर पडतो. मॉरिसन यांच्याकडे तो भार परत करायच्या भांड्यांसारखा हातोहात फिरतो.

समास

पानगळ यांची दुरुस्ती मान्य. ती वाचल्यावर मॉसचा प्रसंग पुन्हा काढून पाहिला. घरातून निघताना तो बायकोला स्वतःच सांगतो की मी निव्वळ मूर्खपणा करायला निघालो आहे, पण जाणार आहे. हे वाक्य माझ्या वाचनातून पूर्णपणे निसटले होते. त्याच्या कृत्यातून काय निष्पन्न झाले याचा हिशेब मी मांडत बसलो. त्याने तो निघण्यापूर्वीच मांडला होता, आणि तरी पाणी भरून घेतले होते.